हाकेला ओ

बर्फ थांबलं तसा मोलेफी झोपडीबाहेर आला, घोंगडी नीट लपेटून घेतली आणि दरीपलीकडे हाक टाकली. "उ तेंग?"

आहेस का? लेसोथोच्या डोंगरात मेंढ्या राखणारे सकाळी एकमेकांना एवढंच विचारतात. पलीकडच्याने "के तेंग" म्हणायचं. आहे. झालं, दिवस सुरू.

"…तेंग," पलीकडून आलं.

म्हातारा आहे म्हणायचा! मोलेफी हसला. बर्फ आणि धुकं सुरू झाल्यापासून पलीकडच्या झोपडीतला न्ताते राम्पाई, म्हणजे राम्पाईबाबा, एवढंच बोलत होता. थंडीच तशी होती म्हणा. एरवी हा माणूस गप्प बसेल तर शपथ! "काय पाद्रीबुवा, आला का देवाचा निरोप? की वर रेंज नाही?" हे त्याचं रोजचं ठरलेलं, आणि त्यावर स्वतःच खो-खो हसणं. राम्पाईचं देवाशी वाकडं. बायकोला माती देताना सगळ्यांची डोकी उघडी, याची लोकरी टोपी तशीच. "ज्याने तिला नेलं त्याच्यापुढे टोपी काढू होय?"

टोमणा मोलेफीला झोंबायचा, कारण खरा होता. पाद्री व्हायला गेलेला मोलेफी. शेवटच्या मुलाखतीत वडीलधाऱ्यांनी विचारलं, देवाने तुला कधी बोलावलं? बाकीच्यांनी स्वप्नं सांगितली, आवाज सांगितले. हा म्हणाला, मला काहीच ऐकू आलेलं नाही. "मग ऐकू आलं की ये," ते म्हणाले. म्हणून तो इथे, माणसांपासून लांब, दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे. एक हिवाळा गेला, दुसरा आला. पायाची बोटं फुटली, कोकरं दगावली, कान लावून लावून डोकं भणभणलं. देव चकार शब्द बोलला नाही.

आता धुकं विरलं होतं आणि पलीकडची झोपडी दिसत होती. तिच्यातून धूर निघत नव्हता.

"न्ताते, ओ द्या! मी मोलेफी!"

"…मोलेफी," दरी म्हणाली.

राम्पाईने त्याला नावाने कधीच हाक मारली नव्हती. हा तर स्वतःचाच आवाज! 'उ तेंग' मधलं शेवटचं 'तेंग' दरीचे कडे परत करत होते, आणि रोज सकाळी तो ते ऐकून खुशाल आत जाऊन शेकत बसला होता.

काठी घेऊन तो दरीत उतरला. मांडीपर्यंत बर्फ, बुटांत बर्फ. दोनदा पडला, एकदा घसरत थेट ओढ्यापर्यंत गेला. वर चढताना त्याच्या तोंडात प्रार्थना नव्हती, नुसत्या स्वतःला शिव्या होत्या.

झोपडीचं अर्धं छप्पर बर्फाच्या वजनाने आत बसलं होतं. तो दारात वाकला तोच आतून बारीक आवाज आला. "उ तेंग?"

"के तेंग!" सवयीने तोंडून निघून गेलं.

मग तो आत शिरला. राम्पाईचा पाय वाशाखाली अडकला होता. कुत्रं त्याला चिकटून पडलं होतं, म्हणूनच जीव राहिला असणार. म्हातारा दाराकडे बघतच नव्हता. छपराला पडलेल्या भगदाडातून निळंशार आभाळ दिसत होतं, त्याची नजर तिथे होती. डोकं उघडं होतं. टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

प्रश्न कुणाला होता आणि उत्तर कुणी दिलं! मोलेफीचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले.

"आलास," म्हातारा आभाळाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. "किती रे वेळ लावलास!"

न्ताते, मी मोलेफी, एवढंच सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"आलो," तो म्हणाला, आणि त्याने वाशाला खांदा लावला.