डावी पोटरी

प्राचीच्या कोच तांदळे मॅडम सकाळपासून मैदानाच्या कडेने येरझाऱ्या घालत होत्या. डावी पोटरी दुखायची थांबली होती, म्हणूनच त्यांना चैन पडत नव्हतं. प्राचीच्या पोटरीवर चिकटवलेली चकती तिच्या पायातली कळ मॅडमच्या पायात पोचवायची. आठवडाभर ठणकणारा पाय कालपासून एकदम गप्प होता. आता दोनशे मीटरच्या फायनलआधी प्राची समोर उड्या मारत वॉर्मअप करत होती, तरी मॅडमना काहीच जाणवत नव्हतं.

एवढ्यात त्यांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. उड्या मारणाऱ्या पोरीच्या पायाला मुंग्या कशा येतील? त्यांनी मान वर केली. पायऱ्यांवर मांडी घालून बसलेले प्राचीचे वडील पाय लांब करून झटकत होते.

मॅडमनी जाऊन वडिलांच्या पोटरीवरची चकती ओढून काढली आणि प्राचीच्या पायावर दाबली. मॅडमच्या पायातून कळ थेट मांडीपर्यंत गेली.

"मागच्या वेळेसारखं शर्यतीतून माझं नाव काढून घ्याल, म्हणून पप्पांना लावली," प्राची म्हणाली. "माझं दुखलेलं तुम्हाला लगेच कळतं, मॅडम. मला किती धावायचंय ते नाही कळत."

"पाय कायमचा जाईल, बाळा," एवढंच म्हणून मॅडम लंगडत पंचांकडे गेल्या आणि तिचं नाव मागे घेतलं.

प्राची वडिलांशेजारी मान खाली घालून बसली. चकती तिने काढली नव्हती. बाकीच्या मुली रेषेवर वाकल्या. पिस्तूल वाजलं, तेव्हा प्राची जागची हललीसुद्धा नाही. पंचांच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मॅडमचा डावा पाय मात्र आपोआप पुढे झेपावला.