नातीची बर्फी

"साहेब, माझ्याच गावात तुम्ही मला परकी ठरवलंत," अवनी प्रवेश कक्षातल्या अधिकाऱ्याला म्हणाली.

"मी कोण ठरवणार? पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणजे तू परदेशी. मेडिकलच्या सर्वसाधारण जागा तुला नाहीत."

"जन्मले तिथं, पण रांगायला लागले ते मिरजेत. तेव्हापासून लांबात लांब गेले ती सांगलीला, क्लासला."

साहेबांना दया आली. त्यांनी बर्फीचा बॉक्स पुढं सरकवला. "तोंड गोड कर. काल नात झाली मला, टेक्सासला. जन्मताच अमेरिकन सिटिझन. नशीब काढलं पोरीनं."

अवनीनं बर्फी खाल्ली, बोटं चाटली.

"अभिनंदन, आजोबा. उद्या तुमचा मुलगा तिला घेऊन मिरजेत परतला आणि ती डॉक्टर व्हायला याच टेबलापुढं उभी राहिली, तर तिला काय सांगाल? माझी दुसरी बर्फी संपेपर्यंत सांगा."