खालच्या खोऱ्यातला च

लवीसाच्या दातांखाली काहीतरी कचकन वाजलं. तिने ते जिभेने पुढे आणून बोटावर घेतलं. करडी कच होती. तिने तोंड वाकडं केलं आणि पेल्यातली उरलेली जवाची दारू कशीबशी गिळली.

डोंगरमाथ्यावर देवाचा होम पेटला होता. मेंढरांच्या तंगड्या चरचरत होत्या, चरबीचा धूर घशात बसत होता. तिचा नवरा पिताम्ने काशाच्या नव्या पळीने स्वतः सगळ्यांना दारू वाढत होता.

"खालच्या खोऱ्यातल्या एका धिप्पाड गड्याकडून हिसकावली," तो सांगत होता. "सोडेना लेकाचा! खांदा अजून ठणकतोय माझा."

लोक वाहवा करत होते. आज ती पळी पिताम्नेच्या नावाने देवाला वाहायची होती. नाव घालायला एसुम्ने कासार हत्यारं घेऊन बसला होता. त्याने दांडा पुसला, तर त्यावर आधीच एक नाव.

"ए... आणि पुढे हे काय? कावळ्याने पाय उमटवलाय जणू! मग उन." एसुम्नेने डोकं खाजवलं. "ए-कावळा-उन!"

हशा पिकला.

तो च होता. चुलीतला, जीभ दातांना टेकवून म्हणायचा च. वरच्या खोऱ्यात तो उभ्या रेघेला आडव्या रेघा देऊन काढत, खालच्या खोऱ्यात बाणासारखा. खालून इथे नांदायला आलेल्या लवीसाने त्यावरून लग्नापासून टोमणे खाल्ले होते.

"आमच्या हिलाही अजून धड काढता येत नाही," पिताम्ने म्हणाला. "खरवडून टाक रे ते, आणि माझं नाव घाल."

"थांबा, भाऊजी." लवीसाने पळी हातात घेतली. बाणाचा एक फाटा भलताच लांब गेला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग तिचं लक्ष दांड्याच्या सांध्याकडे गेलं. तिथे खाचेत काहीतरी करडं, ओलसर भरून राहिलं होतं. मघाशी दातांखाली आलेली कच अशीच होती.

"लागतंय का वहिनी, काय लिहिलंय?"

"एचुन."

एसुम्नेचं हसू विरलं. "एचुन म्हणजे... तुमचे बंधू?"

"काहीतरीच!" पिताम्ने घाईने म्हणाला. "तो तर तापाने गेला. असेल दुसरा कुणी एचुन."

"हे अक्षर मी कोरलंय," लवीसा म्हणाली. "सुरी निसटली, म्हणून हा फाटा असा गेलाय. तू त्याच्या मयतीला आला नाहीस, तुला कसं कळणार? ही पळी मी या हातांनी त्याच्या राखेच्या मडक्यात ठेवून पुरली होती."

नवऱ्याला तिने आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं.

कुणाच्या तरी हातून पेला गळून पडला. म्हातारा पुजारी तोंड दाबून बाजूला पळाला. लवीसाने पळी शालीत गुंडाळली, छातीशी धरली आणि ती खालच्या खोऱ्याची वाट उतरू लागली.

"अगं, ऐकून तरी घे!" मागून पिताम्ने ओरडला. "चांगली घासून धुतली होती मी!"