मुंबईला निघण्याआधी

आता फक्त सासूबाई राहिल्या होत्या. बाकी सगळ्या हिवरखेडची माफी मागून झाली होती.

दूरच्या वाटेला निघणाऱ्याने मनात काही ठेवून उंबरा ओलांडू नये, अशी त्या घरची रीत होती. वाटेत काही बरंवाईट झालं तर मागे ओझं राहायला नको. दुर्गाबाईने ही रीत फारच मनावर घेतली. शेजारणीला तिने सांगितलं, तुझ्या ताकाला मी गावभर नावं ठेवली. शेजारीण म्हणाली, "मले मालूम हाय." चुलतजावेला सांगितलं, तुझी चाळणी हरवली नव्हती, माझ्याकडेच होती. जाऊ हसली आणि चाळणी घेऊन गेली.

नवऱ्याने स्वतः बजावलं होतं, "सगळ्यायची माफी मांग. मायची बी मांग. मंगच गाडीत बस."

बारा वर्षांच्या संसारात चंद्रभानने तिला कधी अकोल्याचा बाजारही दाखवला नव्हता. पण विलायतेला कापूस कमी पडला आणि वऱ्हाडात पैशाचा पूर आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि महिन्यापूर्वी एका संध्याकाळी तो म्हणाला, मुंबईला जाऊ. भुसावळपर्यंत बैलगाडीने, तिथून आगगाडीने. आपला कापूस जहाजावर चढताना पाहू. तिथे ऐन थंडीतही गारठा नसतो, समुद्रावर ऊन पडलं की डोळे उघडवत नाहीत. दुर्गाबाई हरखून गेली. तिने दशम्या केल्या, लाडू वळले, समुद्राला वाहायला नारळ घेतला. माणूस पैशाने बिघडतो म्हणतात, आपला तर सुधारला, असं तिला वाटलं. बिचारीला ते खरंच वाटलं.

सासूबाई जयवंताबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. दुर्गाबाईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"आत्याबाई, माह्या हातून लय मोठं पाप झालं."

गोष्ट जमुनेची होती. जमुना ही चंद्रभानची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. कुणब्यांत विधवेचं दुसरं लग्न होतं, पाट लागतो; चंद्रभानच्या आजीचाही लागला होता. पण हातात पैसा येताच चंद्रभान स्वतःला देशमुख म्हणवू लागला आणि देशमुखांच्या घरात पाट लागत नाही. "आपल्या घरात हे चालनार नाही," एवढं बोलून त्याने बहिणीचा जन्म निकालात काढला. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे जमुना पाण्याला गेली ती परतलीच नाही. तिची कळशी विहिरीच्या काठावर सापडली. गळ टाकले, माणसं उतरवली. जमुना काही निघाली नाही. चंद्रभानला बायकोचा संशय आला. त्याने तिला चार दिवस उपाशी ठेवलं, पाठीवर बैलाचा चाबूक ओढला. दुर्गाबाईने तोंड उघडलं नाही.

मात्र सासूबाईंचं रडणं तिला सोसवत नव्हतं. दर अमावास्येला म्हातारी त्या विहिरीवर जाई, पाण्यात भाताचा गोळा सोडी आणि पोरीला हाका मारी. त्या हाका चाबकापेक्षा जास्त लागत.

"कयशी म्या ठेवली होती," दुर्गाबाई म्हणाली. "तुमची जमुना जित्ती हाय, आत्याबाई."

म्हातारीच्या हातातली वात गळून पडली. मग तिने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

"कोठी हाय माही लेक?"

"कौंडण्यपूरले. शालिकरामसंगं पाट लागला तिचा. आपल्याच जातीचा हाय, गाडी हाकते. देवळामागं घर हाय. पोरगं झालं आता."

"पोरगं?" म्हातारी म्हणाली आणि रडू लागली. दोघी रडल्या. "जाय बाई, माफ केलं तुले. मोकया मनानं जाय."

त्या रात्री दुर्गाबाईला दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सकाळी दोन गाड्या जुंपल्या गेल्या. वाटेत चोरांचं भय, म्हणून चुलतदीर जानराव आणि त्याचा भाऊ कुऱ्हाडी घेऊन मागच्या गाडीत बसले. दुर्गाबाईने नवं लुगडं नेसलं होतं. सासूबाई वेशीपर्यंत पोचवायला आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिला कुंकू लावलं. तिला वाटलं, समुद्रात पहिली बुडी यांच्याच नावाने घ्यायची.

वेशीबाहेर गाड्या उगवतीच्या रस्त्याला लागल्या.

"अवो, भुसावय मावयतीले हाय ना?" ती हसत म्हणाली.

चंद्रभानने मागे वळून पाहिलं नाही. "कौंडण्यपूरले चाललो. तू फक्त बाहेरून हाक मार. तुहा आवाज आयकून जमुना दार उघडन."

दुर्गाबाईने गाडीच्या मागच्या बाजूने उडी टाकायला पाहिलं. चंद्रभानने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. वेशीत म्हातारी अजून उभी होती.

"आत्याबाई!" दुर्गाबाई जिवाच्या आकांताने ओरडली. "यायले थांबवा! तुमची लेक हाय ते!"

म्हातारी पाठ फिरवून घराकडे चालू लागली.

"तिले काहून हाका मारतं?" चंद्रभान म्हणाला. "मी त तुले पुन्हा मारतच बसलो असतो. मुंबईचं मायनं सुचवलं."