आईच्या पाळण्यावरचं जर्मन

बारशाला जमलेल्या बायका पाळण्याभोवती खोळंबल्या होत्या. "ताई, म्हण की आता! आईनं रचलेला पाळणा तुला एकटीलाच येतो," धाकटी मंजिरी बाळाला सावरत म्हणाली.

वसुधानं पुन्हा तोंड उघडलं. चाल अचूक लागली, शब्द मात्र जर्मनच आले. ती स्वतःवरच चरफडली.

जर्मनीतली नर्सची नोकरी ठरली, तेव्हा भाषाकेंद्रानं कधीच विसरणार नाही अशी एक चाल मागितली होती. त्या चालीवर परकी भाषा थेट मेंदूत भरली, की ती आठवड्यात पक्की बसायची. बाकीच्यांनी सिनेमाची गाणी दिली. हिनं हौसेनं आईचा पाळणा दिला. जुने शब्द पुसले जातात, हे मेल्यांनी सांगितलंच नव्हतं. आता विचारायला आईही उरली नव्हती.

"अगं, एक तरी ओळ!" मंजिरी रडकुंडीला आली.

"नाही आठवत, काय करू?" वसुधा खेकसली आणि हट्टानं जर्मनमध्येच गात सुटली.

बाळ शांत झोपलं.

"किती गोड गं!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "अर्थ काय याचा?"

"पेशंटला विचारायचे प्रश्न आहेत, काकू," वसुधा म्हणाली. "कुठं दुखतंय? कधीपासून दुखतंय?"