पानाच्या माथ्यावरची वाट

“मुख्यपान पेक्षा मोठे ध्वनिपुस्तके पेक्षा मोठे प्रवासवर्णने!” घड्याळजींनी फोनवर यंत्राची हुबेहूब नक्कल केली. “अगं पोरी, कोण कोणापेक्षा मोठं, हा भाऊबंदकीचा वाद वाचनालयात कशाला?”

ती खळखळून हसली. वाचनालयाच्या वेबसाइटवर, पानाच्या माथ्याला, वाट दाखवणारी ओळ ती बांधत होती. कुठून आलो, कुठे पोचलो, ते सांगणारी. दोन शब्दांमधला ‘>’ हा बाण डोळसांना बाणच दिसतो. पान वाचून दाखवणारं यंत्र मात्र त्याला ‘पेक्षा मोठे’ म्हणतं.

“बाण दिसेल, पण यंत्र वाचणार नाही, असं करते काका.”

घड्याळजींची नजर गेली तशी घड्याळदुरुस्ती सुटली. कान मात्र तल्लख होते. साइट तपासायचं काम त्यांच्याकडे आलं ते त्यामुळेच. रोज अकराला फोन, रोज एक चूक. मंगळवारी पुढे जायची कळ दाबली की वाटेतला एक टप्पाच गळायचा. बुधवारी ‘तुम्ही इथे आहात’ हे यंत्र सांगेना.

“माणसाला निदान कळावं गं, आपण कुठे आहोत,” ते म्हणाले.

भाड्याच्या त्या खोलीत तिला दिवसभरात हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. अकराच्या आधी साइटच्या फाईलवर एकदा हात फिरवायची तिला सवयच लागली होती.

“नीट केलेलं पुन्हा बिघडतं कसं?” वाचनालयाचे साहेब तिच्यावर करवादले. “एकही चूक निघाली नाही, की त्या दिवशी तपासणी बंद आणि साइट सुरू. समजलं?”

गुरुवारी घड्याळजींचा आवाज दमलेला होता. “सकाळपासून चाचपडतोय. पुस्तकापर्यंत पोचलोच नाही बघ. वाट मधेच तुटते.”

तिला घास गोड लागला नाही. सगळी ओळ तिनं पुन्हा तपासली, फिकट अक्षरं गडद केली, प्रत्येक टप्पा स्वतः डोळे मिटून ऐकला. शुक्रवारी सकाळी फाईल उघडलीसुद्धा नाही.

अकराला फोन वाजला.

“आज कसं पाण्यासारखं चाललंय,” घड्याळजी म्हणाले.

“हो ना काका. म्हणजे सोमवारपासून... तुम्हाला फोनचा त्रास नाही.”



“भलतंच काय! मी साहेबांना दोन चुका कळवून बसलोय. तेवढ्या सोमवारच्या आत घालून ठेव, रोज घालतेस तशा.”