मोठ्या उकिरड्यासमोरची खोली

गावाहून आलेला, शहरातल्या पांडेसरा वस्तीत दोन तास भटकून निंबादादा वैतागला होता. शेवटी कामावरून परतणारी बहीणच, कलाबाई, त्याला चौकात दिसली. तिचं प्लेगच्या आधीचं पत्र त्यानं तिच्यापुढं नाचवलं. "हा काय पत्ता झाला? 'मोठ्या उकिरड्यासमोरची खोली'! ज्याला उकिरडा विचारावा, तो हसतो."

"तो आम्ही उचलला, दादा. प्लेगनंतर कार्पोरेशननं नियम कडक केले. आम्ही झाडूवाल्या बाया नऊ दिवस ट्रक भरत होतो."

झाडलेल्या गल्लीकडं दादानं पाहिलं. पत्राची घडी घालत त्यानं विचारलं, "मग गावाकडच्यांना आता काय विचारत यायला सांगू?"

कलाबाईनं झाडू खांद्यावर घेतला. "माझं नाव विचारत या म्हणावं. कोणीही दारापर्यंत आणून सोडेल."